पाण्याचा प्याला : फकीह अली माहिमी (रह.)

शहाडहून लोकलने दादर, तेथे गाडी बदलून माहीम, आणि मखदूम बाबांच्या दर्ग्यात फातिहा पढून सायंकाळी घरी, हा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. डिसेंबरातील उरुसात निघणारा मुंबई पोलिसांचा संदलही आपण पाहिला असेल. परंतु तेथे विसावलेले फकीह अली माहिमी (रह.) हे थोर ग्रंथकार होते, हे त्या गर्दीत विसरले जाते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीमच्या नवायत घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणीची कथा आपण जाणताच. रात्री मातेने पाणी मागितले. ते आणेपर्यंत तिला झोप लागली. मुलाने तिला उठवले नाही, प्याला खालीही ठेवला नाही. पहाटे तिचे डोळे उघडले तेव्हा तो उशाशी उभाच होता. मातेने दुआ केली आणि पुढे त्याला अपार इल्म लाभले, असे सांगून आपण कथा संपवतो.

शहाडच्या मकतबमध्ये मी ती अशीच संपवली, तेव्हा एका मुलाने विचारले की, आई दुआ करायला विसरली असती तर ते उभे राहणे वाया गेले असते का. मला लगेच उत्तर सुचले नाही.

प्रश्न जुना आहे. सत्कर्म मुळातच चांगले असते की अल्लाहच्या आज्ञेने चांगले ठरते, यावर मुअतझिली आणि अशअरी विद्वानांनी शतकानुशतके वाद घातला. इमाम गझाली (रह.) यांनी सदाचाराचा विचार मनाच्या घडणीशी जोडला. त्यांच्या मते खुल्क म्हणजे एखादे कृत्य नव्हे. ती नफ्सची स्थिरावलेली अवस्था होय, जिच्यातून कृत्य विनासायास प्रकट होते. मन मारून दान देणारा अद्याप दानशूर झालेला नसतो. या दृष्टीने त्या मुलाकडे पाहा. तो केवळ बक्षिसासाठी उभा असता, तर पाऊल वाजवून त्याने मातेला जागे केले असते. अज्राची आशा ठेवणे हा ईमानाचाच भाग आहे, ती मी नाकारत नाही. पण आशा असणे निराळे आणि तेवढ्याचसाठी कर्म करणे निराळे.

मोठेपणीच्या त्यांच्या लेखनात मला हीच दृष्टी दिसते. ते शाफई फिक्हचे जाणकार होते. तरीही ‘इनआमुल मलिकिल अल्लाम’ या ग्रंथात केवळ आदेश न सांगता त्यांनी शरियतीच्या आदेशांमागील हिकमत उलगडली, तीही शाह वलीउल्लाह (रह.) यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी. ‘तबसीरुर्रहमान’ या अरबी तफसीरमध्ये त्यांनी आयतींमधील परस्परसंबंध शोधले आणि प्रत्येक सूरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरहला अनुसरून लावला. हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये छापला गेला. आपल्या माहीमचा ग्रंथ! इब्न अरबींच्या ‘फुसूस’वरही त्यांनी भाष्य लिहिले, त्या विचाराशी सर्व उलेमा सहमत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

हिजरी 835 मध्ये, म्हणजे इ.स. 1431 च्या सुमारास, त्यांचे निधन झाले. मातेची कबर त्यांच्या शेजारीच आहे.

मकतबच्या त्या मुलाला मी हे सारे सांगितले. त्यावर, मग आपण कथा दुआच्या आधीच का थांबवत नाही, असे त्याने विचारले. आता मी ती तेथेच थांबवतो.