खाशाबा जाधवांचा गुडघा आणि तुमच्या मुलाचा गुडघा

तुमचा मुलगा तालमीत जात असेल, तर खाशाबा जाधव हे नाव तुम्हाला नवीन नाही. 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे खाशाबा लहानपणीच मातीत उतरले. 1948 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये, मॅटची सवय नसताना, ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघा गंभीर दुखावला आणि ती स्पर्धा हुकली. एमआरआय तेव्हा जगात कुठेच नव्हता.

खाशाबा तेव्हा तिशीत होते, हाडांची वाढ पूर्ण झालेली. तुमचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर गोष्ट वेगळी आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची मऊ चकती असते. गुडघा पिळला की मोठ्यांचे अस्थिबंध तुटतात, मुलांमध्ये अनेकदा आधी ही चकती दुखावते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. म्हणून मांजरीतल्या पालकांना मी एकच विनंती करतो : हाड बसवणाऱ्याकडून गुडघा ओढून घेऊ नका.

वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि पळल्या-उड्या मारल्यावर वाढत असेल, तर बहुधा तो ऑसगूड-श्लॅटर. सराव कमी केला, बर्फ लावला, मांडीचे स्नायू ताणायचे व्यायाम केले की बहुतेकांचे बरे होते, फक्त काही महिने जातात. मात्र मार लागल्यावर काही तासांत गुडघा सुजला, पाय टेकवता येईना, गुडघा अडकला किंवा सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सकाळी सांधा आखडतो आणि सूज सहा आठवडे टिकते, तर बालसंधिवाताची तपासणी करून घ्या. आणखी एक : गुडघा दुखतो म्हणणाऱ्या, लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासायला सांगा. दुखणे खुब्यात असले तरी मूल बोट गुडघ्यावर ठेवते.

खाशाबा पोलीस खात्यातच राहिले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.