समर्थ रामदास आणि साडेसाती

समर्थ रामदास (मूळ नाव : नारायण सूर्याजी ठोसर, जन्म : चैत्र शुद्ध ९, शके १५३०, इ.स. १६०८, जांब, निर्वाण : माघ वद्य ९, शके १६०३, इ.स. १६८२, सज्जनगड) हे सतराव्या शतकातील संत, कवी आणि समर्थ संप्रदायाचे प्रवर्तक होत. दासबोध, मनाचे श्लोक, करुणाष्टके व मारुतिस्तोत्रे या त्यांच्या प्रमुख रचना आहेत. त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाखोरे हे होते. त्यांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ याच दोन जिल्ह्यांत आहेत. शनीच्या साडेसातीत मारुतीची उपासना करण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्यामुळे या भागात साडेसातीचा विचार समर्थांच्या चरित्राशी सहजच जोडला जातो. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र आणि या लोकपरंपरेशी असलेला त्याचा संबंध दिला आहे.

साडेसातीची संकल्पना

शनीला राशिचक्राची एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे एका राशीत तो साधारणतः अडीच वर्षे असतो. जन्मकाळी चंद्र ज्या राशीत असेल तिच्या मागील राशीत शनी आला की साडेसाती सुरू होते आणि पुढील रास सोडून तो गेला की संपते, असे फलज्योतिष मानते. तीन राशींची तीन अडीचकी मिळून साडेसात वर्षे होतात. शनीची फेरी जवळजवळ तीस वर्षांची असल्याने दीर्घायुषी मनुष्याला साडेसाती दोनदा किंवा तीनदा येते.

शनी दरवर्षी सुमारे साडेचार महिने वक्री असतो. राशीच्या सीमेवर असताना तो वक्री झाला, तर पुढील राशीत जाऊन पुन्हा मागे येतो. म्हणून साडेसातीचा आरंभ व शेवट पुष्कळदा एका दिवशी होत नाही. शिवाय सर्व पंचांगांचे अयनांश सारखे नाहीत. टिळक पंचांग व चित्रापक्षीय पंचांगे यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. चंद्राला एवढे अंतर तोडण्यास काही तास पुरतात, परंतु मंदगती शनीच्या बाबतीत त्यामुळे राशिप्रवेशाच्या तारखेत काही महिन्यांचा फरक पडतो. एका पंचांगाप्रमाणे साडेसाती सुरू झालेला मनुष्य दुसऱ्या पंचांगाप्रमाणे त्या वेळी साडेसातीबाहेर असू शकतो.

शनी हा विलंब, कष्ट, वियोग व वैराग्य यांचा कारक मानला जातो. साडेसातीत लग्न, घरबांधणी किंवा नवा व्यवसाय लांबणीवर टाकणारी कुटुंबे आजही आढळतात. शनीच्या राशिभ्रमणाचा मनुष्याच्या सुखदुःखाशी कार्यकारणसंबंध विज्ञानाने सिद्ध झालेला नाही. तथापि या काळात संयम, नियम व कष्ट यांची कसोटी लागते, ही समजूत लोकमानसात खोलवर रुजलेली आहे.

पूर्वायुष्य

नारायणाचा जन्म आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी रामनवमीच्या दिवशी झाला. वडील सूर्याजीपंत हे सूर्योपासक होते. आईचे नाव राणूबाई. थोरले बंधू गंगाधर हे पुढे श्रेष्ठ किंवा रामी रामदास या नावाने ओळखले गेले. वडिलांचे छत्र नारायणाच्या लहानपणीच हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी त्याचा विवाह ठरला. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच तो बोहल्यावरून निघून गेला, अशी कथा सांप्रदायिक चरित्रांत येते. त्यानंतर घरसंसाराशी त्याचा संबंध तुटला आणि पुढील चोवीस वर्षे आईची भेट झाली नाही.

टाकळी येथील तपश्चर्या

घर सोडल्यावर नारायण नाशिकजवळ टाकळी येथे गेला. नंदिनी व गोदावरी यांच्या संगमावर त्याने बारा वर्षे तप केले. पहाटे उठून नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी नाशिक पंचवटीत माधुकरी, त्यानंतर ग्रंथांचे वाचन व लेखन असा त्याचा दिनक्रम परंपरेने सांगितला आहे. सूर्यनमस्कारांचा नित्यनेमही या काळातीलच होय. तेरा कोटी रामनामाचा जप येथेच पूर्ण झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. अंगातील बळ व मनाचा निग्रह या दोहोंची जोपासना एकाच वेळी झाली, हे या काळाचे वैशिष्ट्य होय. पुढे समर्थांनी मारुती हे दैवत लोकांपुढे ठेवले, त्याचे मूळ या दिनक्रमात दिसते.

तीर्थाटन

तपानंतरची बारा वर्षे, म्हणजे सुमारे १६३२ ते १६४४ हा काळ, समर्थांनी देशभर पायी फिरण्यात घालविला. याच्या आरंभीच १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उजाड झाली होती. अन्नावाचून गावे ओस पडली होती आणि सैन्यांच्या स्वाऱ्यांनी उरलेसुरले नष्ट होत होते. अस्मानी व सुलतानी अशा दोन्ही संकटांचे वर्णन समर्थांच्या स्फुट रचनांत आढळते. दुःखाचे कारण केवळ ग्रहदशेत न शोधता ते डोळ्यांनी पाहून नोंदविण्याची त्यांची वृत्ती येथे स्पष्ट होते.

कृष्णाकाठचे कार्य

सुमारे १६४४ मध्ये समर्थ कृष्णाखोऱ्यात आले. महाबळेश्वर, वाई, माहुली, शहापूर, मसूर व कराड या परिसरात त्यांचा संचार होता. हा मुलूख त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. मसूर येथे रामनवमीचा उत्सव सुरू झाला. पुढे तो आजच्या पाटण तालुक्यातील चाफळ येथे नेण्यात आला. अंगापूरच्या डोहातून मिळालेल्या राममूर्तीची स्थापना चाफळ येथे शके १५७० (इ.स. १६४८) मध्ये झाली, असे परंपरा सांगते. चाफळ हे तेव्हापासून संप्रदायाचे मुख्य केंद्र झाले.

संप्रदायाचा विस्तार मठांच्या द्वारे झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरज येथील मठ वेणास्वामींकडे होता. बालपणीच वैधव्य आलेल्या या स्त्रीला समर्थांनी कीर्तनाचा अधिकार व मठाची जबाबदारी दिली. सीतास्वयंवर हे काव्य त्यांच्या नावावर आहे. ज्या स्थितीला समाज दुर्दैव म्हणून बाजूला सारत होता, त्याच स्थितीतील व्यक्तीकडे समर्थांनी मोठे काम सोपविले. रामदास पंचायतनातील आनंदमूर्ती हे सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळचे, तर जयरामस्वामी वडगावचे व रंगनाथस्वामी निगडीचे होते.

अकरा मारुती

समर्थांनी शके १५६६ ते १५७६ (इ.स. १६४४ ते १६५४) या दरम्यान अकरा मारुतींची स्थापना केली, असे मानले जाते. चाफळ येथे दोन मारुती आहेत : राममंदिरापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि मंदिरामागील प्रताप मारुती. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव व शिंगणवाडी हे पाच मारुतीही सातारा जिल्ह्यातच आहेत. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातील बहे व बत्तीस शिराळा येथे प्रत्येकी एक मारुती आहे. बहे येथील स्थान कृष्णेच्या पात्रातील बेटावर आहे. उरलेले दोन, मनपाडळे व पारगाव, कोल्हापूर जिल्ह्यात येतात.

काही मूर्ती चुन्यात घडविलेल्या आहेत, तर काही पाषाणाच्या आहेत. गावोगावी असलेल्या स्थानांमुळे तरुणांना एकत्र येण्यास, व्यायाम करण्यास व उत्सव साजरा करण्यास जागा मिळाली. बलोपासनेची तालीम व मारुतीचे देऊळ यांचे महाराष्ट्रातील साहचर्य दृढ होण्यात समर्थांचा वाटा मोठा आहे.

ग्रंथरचना

दासबोध हा वीस दशकांचा व दोनशे समासांचा ओवीबद्ध ग्रंथ आहे. त्याचे लेखन महाडजवळील शिवथरच्या घळीत झाले व लेखनिक कल्याणस्वामी होते, असे परंपरा सांगते. सहाव्या दशकात आलेल्या कलियुगाच्या वर्षसंख्येवरून त्या भागाचा काळ इ.स. १६५९ असा येतो.

तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक या तीन तापांचे विवेचन आहे. देहाचे रोग व मनाचे क्लेश हा पहिला ताप, इतर प्राणी, माणसे व निसर्ग यांपासून होणारी पीडा हा दुसरा, तर कर्मानुसार मरणोत्तर भोगावी लागणारी यातना हा तिसरा. बाराव्या दशकात प्रयत्नाचे महत्त्व सांगितले आहे. आळस हे दैन्याचे कारण मानून पहाटेपासूनचा दिनक्रम, वाचन, नीटनेटकेपणा व सावधपणा यांचा उपदेश त्यात आहे. प्रारब्ध नाकारले नसले, तरी त्याच्या नावाने स्वस्थ बसणे समर्थांना मान्य नव्हते.

शिवाजी महाराज आणि सज्जनगड

शिवाजी महाराज व समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, याविषयी इतिहासकारांत दोन मते आहेत. सांप्रदायिक मतानुसार ती १६४९ मध्ये शिंगणवाडी येथे झाली, तर दुसऱ्या मतानुसार ती १६७२ च्या सुमाराची आहे. चाफळच्या देवस्थानासंबंधीची शके १६०० (इ.स. १६७८) मधील सनद या संबंधाचा प्रमुख कागद म्हणून चर्चिली जाते. साताऱ्याजवळील परळीचा किल्ला १६७३ मध्ये स्वराज्यात आला. १६७६ पासून समर्थ तेथे राहू लागले आणि किल्ल्यास सज्जनगड हे नाव रूढ झाले.

१६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर समर्थांनी बाहेर जाणे जवळजवळ बंद केले. संभाजी महाराजांना त्यांनी पाठविलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस त्यांनी देह ठेवला. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शके १६०३ चा माघ महिना इ.स. १६८२ च्या आरंभी येतो. काही ग्रंथांत १६८१ हे वर्ष आढळते, ते शकात केवळ ७८ मिळविल्यामुळे होय. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

समर्थांच्या आयुष्यातील साडेसातीचे काळ

रामनवमीच्या तिथीला सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर ९६ ते १०८ अंश असते. १६०८ मधील रामनवमीस सूर्य मीन राशीच्या शेवटच्या अंशांत होता. त्यावरून चंद्ररास कर्क येते. कर्क राशीची साडेसाती शनी मिथुनेत आल्यापासून सिंह रास सोडीपर्यंत असते. चित्रापक्षीय गणिताने शनी २००३ मध्ये मिथुनेत आला होता. तेथून साडेएकोणतीस वर्षांच्या फेऱ्या मागे मोजल्यास समर्थांच्या साडेसातीचे आरंभ सुमारे १६२०, १६५० व १६७९ या वर्षांत येतात. यात वर्षभराची तफावत संभवते.

पहिली साडेसाती गृहत्यागाच्या सुमारास सुरू होते आणि टाकळीच्या तपाचा मोठा भाग व्यापते. दुसरीत बहे, मनपाडळे, पारगाव व शिराळा येथील मारुतींची स्थापना येते. तिसरीत शिवाजी महाराजांचे निधन व समर्थांचे निर्वाण या घटना येतात. फलज्योतिषाच्या दृष्टीने हे काळ वियोग व कष्टाचे ठरतात आणि घर, आप्त व आश्रयदाता यांचा वियोग त्यांत आहेही. परंतु तप व संस्थाउभारणी हे आयुष्यातील भरीव कामही याच वर्षांत झालेले दिसते.

हा मेळ पूर्ण नाही. चाफळची स्थापना दुसऱ्या साडेसातीच्या आधीची, तर दासबोधातील १६५९ चा उल्लेख तिच्या नंतरचा आहे. दुष्काळात देश होरपळत असताना समर्थ साडेसातीबाहेर होते. वडिलांचा मृत्यूही पहिल्या साडेसातीपूर्वीचा आहे. त्यामुळे या गणितावरून शनीचा प्रभाव सिद्ध होत नाही. मात्र साडेसात वर्षे हा काळ हातपाय गाळून काढण्याचा नसून नियमाने काम करण्याचा असू शकतो, एवढे या चरित्रावरून दिसते.

शनिवारची मारुती उपासना

शनिवारी मारुतीला तेल, शेंदूर, उडीद, मीठ व रुईच्या पानांची माळ वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मारुतीने शनीला नमविले व त्याच्या भक्तांना पीडा न देण्याचे शनीने मान्य केले, अशा आशयाच्या लोककथा प्रचलित आहेत. काही मूर्तींच्या पायाखाली दडपलेली स्त्रीमूर्ती दिसते. तिला पनवती म्हणतात व तिचा संबंध साडेसातीशी जोडतात. तात्याजी महिपती यांच्या शनिमाहात्म्य या पोथीचे वाचनही साडेसातीत केले जाते. तीत राजा विक्रमावर आलेल्या साडेसातीची कथा आहे.

समर्थांच्या भीमरूपी स्तोत्राच्या फलश्रुतीत भूतबाधा, रोग व चिंता नाहीशा होण्याचा उल्लेख आहे. शनीचे नाव त्यात नाही. साडेसातीवरील उपाय म्हणून या स्तोत्राचे पठण करण्याची चाल लोकाचारातून आलेली आहे. अकरा मारुतींच्या दर्शनाची यात्रा मात्र आजही अनेक भाविक करतात. ही यात्रा सामान्यतः सातारा, कराड किंवा इस्लामपूर येथून केली जाते. शनिवारी व हनुमान जयंतीला या स्थानांवर गर्दी असते, तर दासनवमीचा मुख्य उत्सव सज्जनगडावर होतो.