पोरांना लिहितं करायचंय? साने गुरुजींनी आधी स्वतः लिहिलं

नाशिक : पोरगं पेन्सिल धरायला लागलं की घरचे त्याच्या मागे लागतात, अभ्यास लिही म्हणून. पण घरातलं मोठं माणूस काही लिहीत बसलंय, हे त्याला कधी दिसत नाही. साने गुरुजींची रीत वेगळी होती. त्यांनी आधी स्वतः पोरांसाठी लिहिलं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घरची गरिबी. शिक्षणासाठी लहानपणीच घर सुटलं. १९१७ साली आई गेली, शेवटची भेटही झाली नाही.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. घर सोडून आलेली ही पोरं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, कपडे आवरायचे. शिकवून दमल्यावरही त्यांच्यासाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. छापखाना नाही, पैसा नाही. कागद, शाई आणि रात्रीची झोप एवढंच भांडवल. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही त्यांनी चालवलं.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगवास आला. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग लिहिला. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री आणि पहाटे लेखन. त्या पुस्तकात राजे नाहीत की लढाया नाहीत. आईचं रागावणं, सणवार, घरातली तंगी, लेकराची चूक, एवढंच आहे. पण तेच महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचलं. लिहायला विषय घरातच असतो, हे यावरून कळतं.

गुरुजींनी लग्न केलं नाही. पण पुतणी सुधा हिला त्यांनी खूप पत्रं लिहिली. फुलं, पाखरं, माणसं, देशातल्या घडामोडी, सगळं एका लहान मुलीला समजेल अशा भाषेत. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूपात आली. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले, पत्रं मात्र आजही वाचली जातात.

आपल्याकडे आता पत्र बंद झालं. निरोप मोबाईलवर बोलून जातो आणि पोरांची वही फक्त शाळेपुरती उरते. पण किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, पाऊस कधी पडला आणि गाय कधी व्याली, हे पोरांच्या हातून लिहून घेता येतं. शाळेसाठी दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकराला चार ओळी लिहून पाठवता येतात. अक्षर वाकडं असलं तरी चालेल. आपलं लिहिलेलं घरात कोणी वाचतंय हे कळलं, की पोरगं पुढची ओळ आपणहून लिहितं.