भेगांचा हिशेब मांडणारा माणूस

मंडळी, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ब्रिटलला मराठीत ठिसूळ म्हणतात हे मला सेकंड इयरला कळलं. तेव्हा शुद्धलेखनाचं जरा सांभाळून घ्या!

गेल्या सेमिस्टरला रॉक मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही दोन दगड मशीनखाली दाबले. जांभा कुरकुरत हळूहळू चुरला. बेसाल्ट मात्र गप्प बसला आणि एकदम धाडकन फुटला, तुकडे जाळीवर आदळले. असं का, सरांनी विचारलं. बेसाल्ट जास्त मजबूत म्हणून, मी ठोकून दिलं. सर हसले आणि ग्रिफिथ वाच म्हणाले. मी थिअरी वाचायला गेले आणि त्या माणसातच अडकले.

ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांचा जन्म 13 जून 1893 रोजी लंडनला झाला. वडील जॉर्ज ग्रिफिथ हे त्या काळचे गाजलेले विज्ञानकथा लेखक. 1906 मध्ये ते वारले तेव्हा ॲलन 13 वर्षांचाही नव्हता. पुढे लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल शिकून 1915 मध्ये ते फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागले. तिथे जी. आय. टेलर यांच्याबरोबर त्यांनी चक्क साबणाच्या पातळ पडद्यावरून पिळलेल्या दांड्यातला स्ट्रेस मोजला.

मग ते एका कोड्याच्या मागे लागले. हिशेबाने काच जेवढी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी आधीच ती तुटते. का? त्यांनी काच वितळवून धागे ओढले. साधारण 1 मिलिमीटर जाडीचा धागा सुमारे 170 मेगापास्कलला तुटला, पण 3.3 मायक्रॉनचा जवळजवळ 3400 पर्यंत टिकला. म्हणजे वीसपट! जाड काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, दोष त्यांचा.

1921 मध्ये छापलेल्या पेपरात त्यांनी याचा हिशेब मांडला, तोही बळाचा नाही, ऊर्जेचा. ताणलेल्या वस्तूत ऊर्जा साठते. भेग वाढली की त्यातली थोडी सुटते, पण नवा पृष्ठभाग तयार करायला थोडी लागतेसुद्धा. सुटणारी ऊर्जा लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली की भेग आपोआप धावत सुटते. भेग चौपट लांब, तर ताकद निम्मी. 1924 मध्ये त्यांनी हेच दाबाला लावलं. दाबलेल्या वस्तूतही तिरक्या भेगांच्या टोकाला ताण येतो. म्हणून हिशेबाने दाब सोसायची ताकद ताणाच्या आठपट निघते.

आमच्या बेसाल्टचं उत्तर इथेच होतं. फुटेपर्यंत त्यात भरपूर ऊर्जा साठली आणि फुटायला तेवढी लागलीच नाही. उरलेली आवाजात आणि उडणाऱ्या तुकड्यांत गेली. जांभ्याने ती वाटेतच, चुरता चुरता खर्च केली. आज दगडाचा ठिसूळपणा मोजताना हाच प्रश्न विचारतात, की साठलेल्यापैकी फुटायला किती लागली आणि किती मोकळी सुटली? हा नुसता व्हायवाचा प्रश्न नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. 3 किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणींत दगड असेच फुटत आणि कामगारांचे जीव जात.

ग्रिफिथ मात्र भेगांत रमले नाहीत. प्रयोगशाळेत रात्री गॅसची ज्योत चालू राहून आग लागली आणि त्यांना दुसऱ्या कामाला लावलं, असं सांगतात. 1926 मध्ये त्यांनी टर्बाइनच्या पात्यांवर पेपर लिहिला. पण 1929 च्या सुमारास तरुण फ्रँक व्हिटल जेट इंजिनाची कल्पना घेऊन आला, तेव्हा ग्रिफिथनी त्याच्या गणितातली चूक दाखवली. सरकारनेही नकार दिला. व्हिटलचं इंजिन 1937 मध्ये चालू झालंच! एवढा हुशार माणूस, पण गणितातली भेग बघताना कल्पनेची ताकद त्यांना दिसली नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडा धीरही आला.

1939 मध्ये ते रोल्स-रॉइसमध्ये गेले आणि 1960 पर्यंत तिथेच इंजिनांवर काम केलं. 13 ऑक्टोबर 1963 रोजी ते वारले.

आता मी नमुना मशीनमध्ये ठेवण्याआधी हातात घेऊन फिरवून बघते. आणि कोणी नुसतं मजबूत म्हणालं, की विचारते, ठीक आहे, पण तुटताना कसा तुटतो?