वसुलीत नापास झालेला टॅक्स कलेक्टर ब्रिटिशांना नडला, पण पुढे स्वतःच्याच शेतकऱ्यांवर उलटला

अमेरिकेत सॅम्युअल ॲडम्स हे नाव आज बिअरच्या बाटलीवर दिसतं. बोस्टनमध्ये १७२२ साली जन्मलेल्या या गड्याच्या घरचा धंदा होता बिअरसाठी माल्ट बनवण्याचा. हार्वर्डमध्ये शिकूनही त्याला तो काही जमला नाही. वडिलांनी धंद्यासाठी १ हजार पौंड दिले, त्यातले निम्मे त्याने मित्राला उसने दिले आणि ते कधी परत आलेच नाहीत.

वडिलांनी काही लोकांसोबत जमीन तारण ठेवून कागदी पैसा देणारी बँक काढली होती. १७४१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ती बेकायदा ठरवली. वडील गेल्यावरही देणी सुटली नाहीत. १७५८ मध्ये घराचा लिलाव निघाला, तेव्हा ॲडम्सने शेरीफलाच कोर्टात खेचायची धमकी देऊन तो थांबवला. लंडनमधला एक कायदा घरादारावर कसा येतो, हे त्याने इथेच बघितलं.

१७५६ मध्ये बोस्टनकरांनी त्याला टॅक्स कलेक्टर म्हणून निवडलं. अडचणीतल्या माणसाकडे तो तगादाच लावायचा नाही. साहजिकच लोक खूश. पण १७६५ पर्यंत थकबाकी ८ हजार पौंडांच्या वर गेली!

त्याच काळात युद्धाच्या कर्जात बुडालेल्या ब्रिटनने वसाहतींवर कर लावायला सुरुवात केली. १७६४ मध्ये साखर, १७६५ मध्ये स्टॅम्प. वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत सगळ्यावर कर. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग कर लावणारे तुम्ही कोण, हा ॲडम्सचा सवाल होता.

आता यात आपल्याकडचा धागा येतो. बंगालचा दुष्काळ आणि लढायांचा खर्च यांनी ईस्ट इंडिया कंपनी गाळात गेली होती. तिला वाचवायला १७७३ मध्ये अमेरिकेत थेट चहा विकायची सूट मिळाली. चहा स्वस्त होणार होता, मग भडकायचं कशाला? कारण पौंडामागे ३ पेन्सचा कर तसाच होता. स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा हक्क मान्य केल्यासारखं झालं असतं. १६ डिसेंबरला ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. ॲडम्सनेच सभेतून इशारा दिला असं सांगतात, पण त्याला पक्का पुरावा नाही.

१७७५ मध्ये जनरल गेजने बंडखोरांना माफी जाहीर केली. त्यातून दोघांनाच वगळलं, ॲडम्स आणि जॉन हॅनकॉक. पुढच्या वर्षी दोघांनीही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली.

खरी गोची पुढे झाली. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर आणि कर्जाच्या विरोधात उठले. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा क्रांतीत लढलेला सैनिक. ॲडम्स तेव्हा सरकारच्या बाजूने उभा राहिला. राजाविरुद्धचं बंड माफ होऊ शकतं, पण लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्याला मृत्युदंडच हवा, अशी भूमिका त्याने घेतली.

शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली. तेव्हा गव्हर्नर होता जॉन हॅनकॉक.