मेणावर गाणं कोरणारा फ्रेड

गॅदरिंगच्या आधी आमच्या विंगमध्ये रात्री दोन वाजता गाणं रेकॉर्ड झालं. पेनड्राइव्हवरचं ऑडासिटी, मित्राचा लॅपटॉप आणि दारं-खिडक्यांवर चादरी टांगून बनवलेला 'स्टुडिओ'. ऐन अंतऱ्यात कुत्रं भुंकलं. आम्ही तेवढा तुकडा कापला, दुसरा जोडला आणि चहाला गेलो. मित्रांनो, हेच काम एक जण सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीतून पेट्या वाहत, गावोगावच्या हॉटेलांच्या खोल्यांत करत होता. फक्त त्याला कापाकापीची सोय नव्हती.

फ्रेड गाइसबर्गचा जन्म 1873 सालचा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचा. पियानो चांगला वाजवायचा, म्हणून शाळकरी वयातच रेकॉर्डिंगच्या धंद्यात साथीला बसू लागला. कंपनीवाले या पोराची ओळख चक्क 'प्रोफेसर गाइसबर्ग' अशी करून देत! तेव्हा गाणं मेणाच्या नळकांड्यावर उतरायचं आणि त्याच्या प्रती काढणं हे मोठं झंझट होतं. गायकाला तेच गाणं दिवसभर पुन्हा पुन्हा गावं लागे. (आमच्या जर्नल रायटिंगसारखंच.) पुढे फ्रेड एमिल बर्लिनरकडे गेला. बर्लिनरची तबकडी चपटी. एकदा साचा झाला की हव्या तेवढ्या प्रती छापून काढता येत. 1898 मध्ये यंत्र आणि स्वतःची सायकल घेऊन तो लंडनला उतरला, तो कायमचा तिकडचाच झाला.

आता थोडं मेकॅनिकलवाल्यांसाठी. या सगळ्यात वीज कुठेच नव्हती. मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि खाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. तबकडी फिरायची ती हळूहळू खाली येणाऱ्या वजनावर, जुन्या लंबकाच्या घड्याळासारखी. गायकाच्या आवाजातली ऊर्जा, तेवढीच काय ती खोदकाम करणार. अँप्लिफायर नाही. त्यामुळे गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि वरचा सूर आला की मागे सरकायचं. नाही सरकला तर फ्रेड त्याला मागे ओढायचा. तेव्हाचा व्हॉल्यूम कंट्रोल तो हाच.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. मेणावरचं गाणं वाजवून बघता येत नसे, कारण वाजवलं की खाच बिघडायची आणि साचा वाया जायचा. म्हणजे गाणं नीट उतरलं की नाही हे कळणार तबकडी कारखान्यात छापून झाल्यावर! तोवर गायक कुठे आणि तुम्ही कुठे.

एप्रिल 1902 मध्ये मिलानच्या एका हॉटेलात त्याने तरुण एन्रिको कारुसोची दहा गाणी एका दुपारात घेतली. मानधन शंभर पौंड. लंडनहून नकाराची तार आली होती, तरी आपण पुढे गेलो, असं तो नंतर सांगायचा. तारेची गोष्ट मीठमसाल्याची असेलही, पण त्या तबकड्यांनी कंपनीचं नशीब काढलं हे खरं.

त्याच वर्षी तो बोटीने कलकत्त्याला आला. तिथल्या साहेबांना शेजारच्या गल्लीत काय गायलं जातं याचा पत्ता नव्हता. मग फ्रेड स्वतःच नाटकं आणि श्रीमंतांघरच्या मैफली पालथ्या घालू लागला. आपलं गाणं त्याला कळत होतं असं नाही, पण कोणाच्या गळ्यात दम आहे ते बरोबर कळायचं. नोव्हेंबर 1902 मध्ये हॉटेलच्या खोलीत गौहरजान कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. तासभर रंगणारं गाणं त्यांनी तीन मिनिटांच्या आत बसवलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. कारण तबकड्या छापल्या जाणार जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोणती बाई कोण ते कसं कळणार? आजच्या भाषेत फाइलला नाव दिलं म्हणा. त्या मुक्कामात साडेपाचशेच्या आसपास तबकड्या भरल्या. तिथून स्वारी जपान-चीनकडे गेली.

पण तीन मिनिटांत काय मावणार? विलंबित ख्याल तर नाहीच. अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1905 मध्ये तबकड्या दिल्या, म्हणून त्यांचा तरुणपणीचा आवाज आपल्याला मिळतो. भास्करबुवा बखल्यांचं गाणं मात्र त्यांच्याबरोबर 1922 मध्ये गेलं. आजोबांच्या पिढीने सांगितलेल्या आठवणींवरच आपण भागवायचं. अर्धवट तीन मिनिटं बरी की काहीच नाही ते बरं, यावर आमच्या खोलीत पहाटेपर्यंत भांडण झालंय. मी तीन मिनिटांच्या बाजूचा.

1925 मध्ये मायक्रोफोन आला. कर्ण्यावर आयुष्य घालवलेला फ्रेड तेही शिकला. 1932 मध्ये सोळा वर्षांच्या मेन्युहिनचं व्हायोलिन आणि एल्गारचं संचालन असं त्यांचं मोठं रेकॉर्डिंग त्याच्याच देखरेखीखाली झालं. 1939 ला तो निवृत्त झाला, आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि 1951 मध्ये लंडनला वारला.

परवा गौहरजानची एक जुनी तबकडी लॅपटॉपवर लावली. खरखर फार, म्हणून नॉइज रिमूव्हल मारलं. खरखर गेली आणि तिच्याबरोबर तानेचं टोकही गेलं. मुकाट्याने अनडू केलं. शेवटी बाईंनी नाव पुकारलं, तेव्हा शेजारच्या खोलीतला पोरगा दारात येऊन विचारत होता, कोण रे ही?