तबकडीचा जनक एमिल बर्लिनर

अमरावती व अकोला या शहरांतील जुन्या वाड्यांत, माळ्यावर किंवा कोठीच्या खोलींत, काळ्या तबकड्यांनीं भरलेली एखादी पेटी अजूनहि सांपडते. आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या या तबकड्या नातवांच्या हातीं येतात, आणि त्या ऐकाव्या कशावर असा प्रश्न उभा राहतो. ग्रामोफोनची जागा पुढें कॅसेटनें घेतली, कॅसेटची सीडीनें घेतली, आणि तीहि मागें पडली. तरी अलीकडे तबकड्या वाजविणारीं नवीं यंत्रें पुन्हां बाजारांत येऊं लागलीं आहेत. त्यांत अगदीं स्वस्त आहेत, तशीं केवळ धनिकांनाच परवडावीं अशींहि आहेत. मध्यम ऐपतीच्या गृहस्थानें यांतून निवड कशी करावी, याचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत फार चांगल्या रीतीनें सांपडतें, त्या पुरुषाची ओळख येथें करून द्यावयाची आहे. सपाट तबकडी व ती वाजविणारा ग्रामोफोन हीं दोन्हीं जगाला देणारे ते एमिल बर्लिनर होत.

बर्लिनर यांचा जन्म जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं ता. २० मे १८५१ रोजीं एका यहुदी कुटुंबांत झाला. वडील व्यापारी असून धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. आईला संगीताची आवड होती. कुटुंब मोठें आणि मिळकत बेताची, त्यामुळें चौदाव्या वर्षीं त्यांचें शालेय शिक्षण संपलें. कांहीं दिवस छापखान्यांत व कांहीं दिवस कापडाच्या दुकानांत त्यांनीं उमेदवारी केली. १८७० सालीं कुटुंबाच्या एका स्नेह्याबरोबर ते अमेरिकेस गेले आणि वॉशिंग्टन येथें त्याच्या दुकानांत कारकून म्हणून राहिले.

तीन वर्षांनीं ते न्यूयॉर्कला आले. तेथें दिवसां मिळेल तें काम करावें आणि रात्रीं कूपर इन्स्टिट्यूटमध्यें अभ्यास करावा असा त्यांचा क्रम होता. पुढें सॅकरिनचा शोध लावणारे रसायनशास्त्रज्ञ फालबर्ग यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं बाटल्या धुण्याचें कामहि केलें. कोणत्याहि विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. विज्ञानाचें त्यांचें ज्ञान असें फावल्या वेळीं, तुकड्यातुकड्यांनीं मिळविलेलें होतें. पुढें वॉशिंग्टनला परत आल्यावर त्यांनीं आपल्या बिऱ्हाडाच्या खोलींतच प्रयोग आरंभिले.

त्याच सुमारास ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन पुढें आला होता. परंतु त्यांत बोललेला शब्द दूर जातांना फार क्षीण होई. दोन विद्युद्वाहक पदार्थ एकमेकांस सैल टेकलेले असले, तर त्यांवरील दाब कमीजास्त होतांच विजेचा प्रवाहहि कमीजास्त होतो, हें तत्त्व बर्लिनर यांनीं १८७७ सालीं बोलण्याच्या यंत्रास लाविलें. १८७८ सालीं बेल यांच्या कंपनीनें त्यांना आपल्या नोकरींत घेतलें. या शोधाच्या हक्काविषयीं वर्षानुवर्षें वाद चालला आणि १८९७ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें तो त्यांच्या बाजूनें निकालांत काढिला. या शोधामुळें त्यांना थोडें स्वास्थ्य लाभलें, आणि नोकरी सोडून स्वतंत्र संशोधनास त्यांनीं वाहून घेतलें.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. १८७७ सालींच एडिसन यांनीं फोनोग्राफ तयार केला होता. त्यांत प्रथम कथिलाच्या पत्र्यानें मढविलेली व पुढें इतरांच्या सुधारणेनें मेणाची नळी फिरत असे, आणि सुई तिच्यावर खालींवर होऊन कमीजास्त खोल चर कोरीत असे. हें यंत्र आवाज घेई आणि परत ऐकवीहि. ही सोय मोठी खरी. पण त्यांत एक मोठी उणीव होती. एका नळीपासून दुसऱ्या नळ्या सहज करितां येत नसत. दहा श्रोत्यांना दहा नळ्या हव्या असल्या, तर गवयानें पुनःपुन्हां तेंच गाणें गावें लागे.

बर्लिनर यांनीं या यंत्राकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. संसारी माणसाला घरीं गाणें ऐकावयाचें असतें. तें टिपून ठेवण्याची खटपट त्याला रोज करावयाची नसते. तेव्हां टिपण्याचें काम कारखान्यावर सोंपवावें, घरच्या यंत्रानें फक्त वाजवावें, आणि एका गाण्याच्या हव्या तितक्या प्रती छापतां याव्या, असें त्यांनीं ठरविलें. नळीच्या ऐवजीं त्यांनीं सपाट तबकडी घेतली, आणि चराची खोली सर्वत्र सारखी ठेवून सुईला डावीउजवीकडे हालूं दिलें. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यावा, सुईनें त्यांत रेघ ओढावी, मग पत्रा आम्लांत ठेवावा म्हणजे रेघेच्या जागीं धातु खाल्ली जाऊन चर उमटे. त्या पत्र्यावरून उलटा ठसा घ्यावा, आणि ठशावरून तबकड्या दाबून काढाव्या. पुस्तकाच्या प्रती निघतात तशा गाण्याच्या प्रती निघूं लागल्या. या युक्तींत दुसराहि एक लाभ होता: चरच सुईला कडेकडून मध्याकडे ओढून नेई, त्यामुळें सुई सरकविणारा निराळा स्क्रू यंत्रांत घालावा लागत नसे. ता. ८ नोव्हेंबर १८८७ रोजीं या शोधाचा हक्क त्यांना मिळाला, आणि १८८८ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं तो विद्वानांसमोर मांडला.

आरंभींचा ग्रामोफोन जर्मनींत लहान मुलांचें खेळणें म्हणून विकला गेला. तो हातानें फिरवावा लागे. हात मंद झाला कीं सूर उतरे, घाई झाली कीं चढे. कोणताहि गायक कितीहि सुरेल असो, थाळी एकसारखी न फिरल्यास त्याचें गाणें बिघडणारच. ही अडचण कॅम्डन येथील एल्ड्रिज जॉन्सन या कुशल कारागिरानें दूर केली. १८९६ सालीं त्यानें किल्ली देऊन चालणारें कमानीचें यंत्र ग्रामोफोनला बसविलें. दुसरी अडचण तबकडीच्या पदार्थाची होती. कठीण रबराच्या तबकड्यांवर ठसा सर्वत्र नीट उमटत नसे. तेव्हां गुंड्या बनविणाऱ्या कारखान्यांत वापरलें जाणारें लाखेचें मिश्रण बर्लिनर यांनीं घेऊन पाहिलें, आणि तें उत्तम ठरलें. ही लाख म्हणजे आपल्याच देशांत पळस, बोर व कुसुंब या झाडांवर किड्यांनीं केलेली. पळसाची लाख परदेशीं गेली आणि गाणें घेऊन परत आली, असें म्हटल्यास तें अलंकारिक होईल, पण खोटें होणार नाहीं.

यशाबरोबर संकटहि आलें. यंत्रें विकण्याचा मक्ता ज्याच्याकडे होता त्याच्याशीं तंटा होऊन १९०० सालीं न्यायालयाच्या हुकुमानें खुद्द बर्लिनर यांनाच अमेरिकेंत ग्रामोफोन विकण्याची मनाई झाली. त्यांनीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें आपला उद्योग चालविला. अमेरिकेंतील काम जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीकडे गेलें. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकारापासून तें लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें १८९९ सालीं घेतलें, आणि पुढील वर्षीं अमेरिकेंत त्याची नोंद बर्लिनर यांनीं केली.

हिंदुस्थानाशीं या कथेचा संबंध लवकरच आला. वॉशिंग्टनमध्यें बर्लिनर यांच्या हाताखालीं तयार झालेले फ्रेड गायस्बर्ग हे १९०२ सालीं कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान इत्यादि गायिकांचीं गाणीं टिपून घेतलीं. त्यांच्या तबकड्या हॅनोव्हर येथें, म्हणजे बर्लिनर यांच्या जन्मगांवीं, त्यांच्या भावाच्या देखरेखीखालील कारखान्यांत दाबल्या गेल्या. १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला. वऱ्हाडचाहि या संपत्तींत वांटा आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जी. एन्. जोशी यांच्या आवाजांत तबकडीवर आली, आणि मराठी भावगीताला घरोघर मान मिळवून देणाऱ्या आरंभींच्या तबकड्यांत तिची गणना होते. माळ्यावरच्या त्या पेटींत काय काय असूं शकेल, याची यावरून कल्पना यावी.

म्हणूनच यंत्राची निवड हा केवळ चैनीचा प्रश्न नव्हे. चुकीची सुई एकदां फिरली कीं चर झिजतो. आणि झिजलेला चर पुन्हां भरून येत नाहीं. जी तबकडी आज कोठें विकत मिळत नाहीं, ती खरेदीच्या घाईनें कायमची मुकी होते. बर्लिनर यांनीं प्रत्येक भागाविषयीं जो प्रश्न विचारला, तोच मध्यम ऐपतीच्या गृहस्थानें विचारावा: हा भाग नसेल तर गाणें बिघडेल काय? ज्याविषयीं उत्तर होकारार्थी येईल, तेथें पैसा घालावा. इतरत्र हात आंखडावा.

प्रथम आपल्या पेटींतील तबकड्या पाहाव्या. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटास सुमारें ७८ फेरे घेतात. १९४८ सालीं निघालेली लवचिक एल्. पी. तबकडी ३३⅓ फेरे घेते, व १९४९ सालची लहान तबकडी ४५ फेरे. पुष्कळ नव्या यंत्रांत ७८ ची सोय नसते. ती आहे कीं नाहीं हें दाम देण्यापूर्वीं विचारावें. लाखेच्या तबकडीचा चर रुंद असतो, म्हणून तिला रुंद टोंकाची निराळी सुई लागते. सुई बदलतां येणार नसेल तें यंत्र घेऊं नये. सुईच्या दांड्यास मागें सरकतें वजन असावें, म्हणजे दाब ठरवितां येतो, एल्. पी. वर तो साधारण दोन ग्रॅमच्या आसपास असतो, आणि नेमका आंकडा सुईच्या कारखानदारानें दिलेला असतो. ज्या पेटीवजा स्वस्त यंत्रांत हा दाब मुळींच कमीजास्त करितां येत नाहीं, त्यांपासून दूर राहणें बरें. किल्लीच्या जुन्या ग्रामोफोनवर तर एल्. पी. कधींच लावूं नये; त्याच्या जड सुईखालीं ती एका वेळेंतच खराब होते.

सुईनंतर महत्त्व फिरण्याच्या स्थिरतेचें. पट्ट्यावर चालणारें साधें पण भक्कम यंत्र घरगुती कामास पुरेसें होतें. कोणी अमेरिकेहून जुनें यंत्र आणून देत असेल, तर त्याची मोटर तपासावी: तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची व आपली ५० ची, त्यामुळें कांहीं मोटरी येथें सहाव्या हिश्श्यानें मंद चालतात आणि गाणें रडकें होतें. शिवाय तेथील विजेचा दाबहि निराळा असतो. सुईचा क्षीण आवाज मोठा करणारा भाग यंत्रांतच असल्यास थोडा खर्च वांचतो. घरीं चांगला अँप्लिफायर व स्पीकर असतील, तर तेच वापरावे. लांकडाची नक्षी आणि पितळी कर्ण्याचा झगमगाट यांस गाण्याच्या दृष्टीनें मोल नाहीं. कुत्र्याचें चित्र लाविलेले नकली ग्रामोफोनहि शहरांत विकले जातात; ते दिवाणखान्याची शोभा आहेत, तबकड्यांचे मित्र नव्हेत.

आमच्या भागास आणखी एक सूचना अवश्य आहे. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि काळ्या मातीची धूळ बंद खोलींतहि शिरते. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या तबकड्या वांकतात. त्या खालच्या गार खोलींत उभ्या ठेवाव्या आणि प्रत्येक वेळीं मऊ कुंचल्यानें पुसाव्या. या कुंचल्याला फारसे पैसे पडत नाहींत, पण त्याच्यावांचून महाग यंत्रहि व्यर्थ आहे.

बर्लिनर यांचें उत्तरायुष्य याच वृत्तीचें होतें. त्यांची एक लहान मुलगी आंतड्यांच्या विकारानें मरणोन्मुख झाली होती; ती वांचली, पण त्यानंतर अशुद्ध दुधानें किती बालकें दगावतात याचा त्यांनीं शोध घेतला. दूध तापवून निर्जंतुक करून विकावें यासाठीं त्यांनीं अनेक वर्षें लोकांस शिकविलें, आणि मुलांसाठीं आरोग्याच्या सोप्या कविताहि लिहिल्या. स्त्रियांना शास्त्रीय संशोधन करितां यावें म्हणून आपल्या आईच्या नांवानें त्यांनीं एक शिष्यवृत्ति ठेविली. मुलगा हेन्री याच्यासह त्यांनीं हेलिकॉप्टरचेहि प्रयोग केले. १९२९ सालीं फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनें, जेथें त्यांनीं तबकडी प्रथम दाखविली होती, त्यांना आपलें पदक दिलें. आणि त्याच वर्षीं ता. ३ ऑगस्ट रोजीं वॉशिंग्टन येथें वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ते वारले. आपली अंत्ययात्रा साधी असावी, आणि वांचलेला पैसा तान्ह्या मुलांच्या गरीब मातांना द्यावा, अशी त्यांनीं घरच्यांस सूचना देऊन ठेविली होती.

विद्यार्थी मित्रहो, पैसा थोडा असला म्हणजे हात सर्वत्रच आंखडावा लागतो असें पुष्कळांना वाटतें. बर्लिनर यांनीं बाटल्या धुण्यापासून आरंभ केला, परंतु जें आवश्यक त्यांत त्यांनीं कधीं काटकसर केली नाहीं, आणि जें अनावश्यक त्यावर कधीं पैसा घातला नाहीं. तबकड्यांचें यंत्र घेतांना, पुस्तकें घेतांना, किंवा पुढें संसार थाटतांना हा विवेक ज्याला साधेल, त्याची ऐपत बेताची असली तरी त्याला कांहीं उणें पडणार नाहीं.